पद्मिनीचे टाय रॉड एंड सुटता सुटत नाहीयेत, हातोडा मारून खांदा गेला, कोणी सांगा काय करू

मांगरातली पद्मिनी (गुहागर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय कारण आता डोकं चालेनासं झालंय. बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, पांढरी, हँडलाखालच्या गिअरवाली. सहा वर्षं मांगरात उभी होती, आणि आमचं घर समुद्रापासून सरळ रेषेत चारशे मीटर, त्यामुळे खारी हवा किती खाल्ली असेल ते तुम्हीच समजा. इंजिन मे महिन्यात चालू केलं, ब्रेक झाले, आता राहिलंय स्टीअरिंग. चाळीसच्या वर गेलं की हँडल थरथरायला लागतं, आणि पुढचं चाक हाताने धरून डावी-उजवीकडे हलवलं की टाय रॉडच्या टोकाला कटकट स्पष्ट जाणवते. भावाने कुर्ल्याहून बाजूच्या दोन्ही रॉडचे मिळून चार एंड (टोकाचे बॉल जॉइंट, त्यांची पिन आर्मच्या भोकात बसते) घेतले आणि एसटीच्या पार्सलने पाठवले.

डाव्या चाकाकडचा बाहेरचा एंड नशिबाने निघाला. उजव्या चाकाचा बाहेरचा आणि आतले दोन्ही हलायला तयार नाहीत. आधी मी गंज सुटायच्या स्प्रेचा एक अख्खा डबा संपवला, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मारत होतो. मग एका गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. त्याने उजव्या बाजूची स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घालतात ती काडी) काढली, नट पूर्ण काढून बाजूला ठेवला आणि खालून एंडच्या पिनच्या टोकावर घण घालायला सुरुवात केली. अर्धा तास. पिन हलली नाही, टोक मात्र पावसातल्या अळंब्यासारखं फुललं. मग दोन दातांचा काटा घातला, त्याने रबर बूट फाटला एवढंच. शेवटी म्हणाला की आर्मच कापावा लागेल, पाचशे रुपये घेतले आणि गेला.

फोटो टाकलाय. गणपतीला तीन आठवडे राहिलेत आणि चाकरमानी चिपळूण स्टेशनवर उतरणार, बाबांनी सगळ्यांना फोन करून सांगून ठेवलंय की आपली फियाट न्यायला येणार. आता मागे फिरायची सोय नाही. गॅस कटरने कापू का खरंच?

घाटातली जीप (चिपळूण)

गॅस मार, लाल कर, वरून एक ठेवून दे, दोन मिनिटात खाली. आमच्या एमएम ५४० जीपचे असेच काढले होते.

उद्यमनगरचा फिटर (कोल्हापूर)

लाल अजिबात करू नका. जीपवाल्या भावाचं वाईट वाटून घेऊ नका पण हे चुकीचं आहे, पुढे सांगतो का ते. मी मूळचा लांज्याचा, चाळीस वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथ आणि फिटिंगवर गेली, आता गुडघ्यामुळे घरी असतो म्हणून हे सगळं सविस्तर टाइप करायला वेळ आहे. वाचायला तुम्हाला असेल अशी आशा.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, ती पिन नटाने धरलेली नाही. नट फक्त पिनला ओढून भोकात बसवतो. एकदा बसली की धरतो तो टेपर, म्हणजे पिनचा आणि भोकाचा निमुळतेपणा. साधारण दहाला एक असा उतार असतो, म्हणजे दहा मिलिमीटर लांबीत व्यास एक मिलिमीटर कमी होतो, काही गाड्यांत आठाला एक असतो. दहाला एक धरलं तर प्रत्येक बाजूचा कोन तीन अंशाच्या आत येतो. आता कोरड्या लोखंडावर लोखंड आपोआप घसरायला साधारण सात-आठ अंशाचा उतार लागतो. तीन कुठे आणि सात कुठे. म्हणून नट काढून फेकून दिला तरी पिन तिथेच बसून राहते. ड्रिल मशीनचं चक बघितलंय का, त्याला ना नट ना बोल्ट, नुसतं टेपरमध्ये ठोकून बसवलेलं असतं आणि दिवसभर लोखंड कापतं. काढायचं असेल तर खाचेत पाचर घालून एक टोला. तीच जात आहे ही.

त्यात तुमच्याकडचा गंज. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि भोकात जागा तर नाही, मग तो पिनला आणखी आवळतो. स्प्रे मारून उपयोग काय झाला असेल तर आट्यांना झाला असेल. घट्ट बसलेल्या टेपरच्या पोटात तेल शिरायला फटच नसते हो, तीन दिवस काय तीन महिने मारलंत तरी.

आता पिनच्या टोकावर घण का मारायचा नाही. तुम्ही खालून मारता तेव्हा रॉड आणि आर्म दोन्ही झोका घेतात, सगळा मार झोक्यात जातो. उरलेला मार पिनच्या टोकाला फुगवतो. आणि फुगलेलं टोक आता भोकाच्या बारक्या तोंडापेक्षा मोठं झालं, म्हणजे ते अळंबंच तुमच्या पिनचा नट होऊन बसलंय. त्या गृहस्थाने काढायला येऊन कायमची बसवून दिली की राव.

मार द्यायचा तो पिनला नाही, ज्या डोळ्यात पिन बसलीय त्या डोळ्याला, म्हणजे आर्मचं गोल टोक, आणि तोही आडवा. एका बाजूने जड हातोडा घट्ट टेकवून धरायचा, दोन किलोच्या वरचा, तो झाला ऐरण. बरोबर समोरून एक किलोच्या हातोड्याने फटका. पोचट नको, मनापासून. होतं काय की भोक क्षणभर गोलाचं किंचित लांबट होतं आणि परत गोल होतं, त्या क्षणात टेपरची पकड सुटते. दोन, तीन, फार तर दहा फटके. सुटताना आवाज बदलतो, आधी टण् टण् येत असतो आणि मग एकदम थप्प असा बसका येतो. तो एकदा ऐकलात की जन्मभर विसरणार नाही.

पण तुमच्या उजव्या बाजूला त्याआधी ग्राइंडर लावून ते फुललेलं टोक आर्मच्या पृष्ठभागाला सपाट कापून टाका. पिन तर भंगारातच जाणार आहे, तिचे आटे वाचवून करायचंय काय. आर्मला मात्र ग्राइंडरचा चरा सुद्धा पडू देऊ नका, स्टीअरिंगचा भाग आहे, चऱ्यातून पुढे तडा जातो.

आणि लाल का नाही, तर तो आर्म घडाईचा आहे, कडक करून पाणी दिलेला. लाल केलात की त्याचं पाणी उतरलं. वरून थंड पाणी ओतलंत तर ठिसूळ. चाक सांभाळणारी वस्तू आहे हो ती, परसदारच्या दाराची बिजागरी नाही.

घाटातली जीप (चिपळूण)

काका बरोबर असेल तुमचं पण आमची जीप अजून चालतेय. सात वर्षं झाली.

उद्यमनगरचा फिटर (कोल्हापूर)

चालतेय ना, चालू दे. परशुराम घाटात माझ्या पुढे राहा फक्त, मागे नको.

मिरकरवाडा डिझेल (रत्नागिरी)

दादा मी बोटींच्या इंजिनांचं काम करतो, गाडीतलं फार कळत नाही पण टेपर आमचा रोजचा आहे. बोटीचा पंखा म्हणजे प्रोपेलर, तो शाफ्टवर टेपरनेच बसलेला असतो, आत एक चावी, वर नट आणि स्प्लिट पिन, अगदी तुमच्यासारखंच पण मोठं. आणि तुमची गाडी चारशे मीटरवर आहे, आमचा पंखा तर खाऱ्या पाण्याच्या आतच. १ जून ते ३१ जुलै बंदी, ६१ दिवस, त्यात सगळ्या बोटी वर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्यांना आपलाच पंखा आधी काढून हवा असतो.

फिटर काकांनी सांगितलं ते शंभर टक्के, मी फक्त दोन गोष्टी जोडतो. नट पूर्ण काढायचा नाही कधीच. दोन-तीन आटे सैल करून पिनवर ठेवायचा. एक तर आटे वाचतात आणि दुसरं म्हणजे टेपर सुटतो तेव्हा सांगून सुटत नाही. मी शिकत होतो तेव्हा आमच्या वस्तादाच्या एका पोराने नट काढून ठेवला होता, पंखा सुटला तो धाडकन वाळूत, त्याचा पाय एका विताने वाचला. वस्ताद त्याला ओरडला नाही, त्याने नुसता तो नट त्याच्या शर्टाच्या खिशात टाकला आणि संध्याकाळपर्यंत काढू दिला नाही.

दुसरी, नुसता मार नाही आणि नुसता ताणही नाही, दोन्ही एकदम पाहिजे. आम्ही पुलर (स्क्रूने ओढून काढायचं अवजार) लावतो, स्क्रू जाम होईपर्यंत आवळतो, आणि मग पंख्याच्या बोंडावर आडवा टोला. आतले दोन तुम्हाला दोन हातोड्यांनी जमणार नाहीत, तिथे हात फिरवायला जागा नसते. बॉल जॉइंटचा स्क्रूवाला पुलर मिळतो तो आणा. ताण द्या, डोळ्यावर एक टोला द्या, परत पाव फेरा आवळा, परत टोला. तरी नाही सुटला तर ताणलेला तसाच ठेवा आणि जेवायला जा. थट्टा नाही करत, कितीतरी वेळा मी जेवत असताना बाहेरून धाडकन आवाज आलाय आणि पोरगा धावत सांगत आलाय की सुटला. पण पुलर दोरीने बांधून ठेवा, उडतो. आणि त्या वेळात पोरांना तिथे खेळू देऊ नका.

मालवणी मेकॅनिकल (मालवण)

रे भावा, सगळे हातोडो हातोडो करतत, पण गाडी कसल्या टेकार ठेवलंस ता कोणी इचारल्यान नाय. फोटोत माका चिरे दिसतत. चिरो घर बांधूक बरो, गाडी टेकूक नाय.

मालवणीत लिहिलं की चिपळूणवाले कुरकुरतात म्हणून आता सरळ लिहितो. ते जांभ्याचे चिरे आत्ताच्या आत्ता काढ. जांभा मुळात भोकाभोकाचा दगड, भिंतीत वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं म्हणून टिकतो. गाडीच्या खालची लोखंडी कड एका रेषेत टेकली आणि वरून तू हातोडा मारत बसलास की त्याला तडा कधी जाईल ते ब्रह्मदेव पण सांगणार नाही. आमच्या वाडीत एकाची रिक्षा अशीच बसली, माणूस नशिबाने चहाला गेलेला. स्टँड नसतील तर आडवी-उभी लाकडं रचून ठेव, फणसाचे नाहीतर आंब्याचे जाड ओंडके चालतील, आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेव. घसरली तरी चाकावर बसेल, तुझ्यावर नाही.

मांगरातली पद्मिनी (गुहागर)

चिरे काढले. ते वाचलं आणि खरंच पोटात गोळा आला कारण काल मी त्यांच्याखाली पाऊण तास झोपलो होतो. शेजारच्यांच्या जुन्या खाटेचे शिसवी पाय आणि दोन ओंडके आणले, चाक पण आत सरकवलं.

आता प्रगती आणि अधोगती दोन्ही सांगतो. ग्राइंडरने उजवीकडचं अळंबं कापलं, सपाट केलं. मग दोन हातोडे करायला गेलो तर घरात हातोडा एकच, एक किलोचा. मागे ऐरण म्हणून धरायला काहीतरी जड पाहिजे म्हणून मी आईचा वरवंटा आणला. हो माहितीये, आता काही बोलू नका. काळा, चांगला वजनदार, हाताला बसतो पण मस्त. पहिला फटका बरा गेला, दुसरा पण, तिसऱ्याला वरवंट्याचा टवका उडाला तो माझ्या भुवईला लागून पडवीत गेला. आईने तो टवका उचलला, बघितला आणि आत निघून गेली. रात्री चटणी मिक्सरमध्ये केली आणि ताटात वाढताना सांगितलं की ही मिक्सरची आहे.

पिन तशीच आहे.

उद्यमनगरचा फिटर (कोल्हापूर)

अहो दगड कशाला धरायचा!! दगड मार खातो आणि फुटतो, ऐरण लोखंडाचीच लागते. आणि डोळ्याला चष्मा लावा आधी, वरवंट्याने तुम्हाला स्वस्तात सोडलं. लोखंडावर लोखंड मारतानाही बारीक टवके उडतात, आमच्या उद्यमनगरात एकेका डोळ्याची गोष्ट आहे, इथे लिहीत नाही.

चिरेखाणीवर विचारा, त्यांच्याकडे पाच किलोचे घण असतात. मागे धरणारा माणूस वेगळा घ्या. घण नुसता टेकवायचा नाही, अंगाचं वजन देऊन दाबून धरायचा, फट राहिली की ऐरणीचा उपयोग शून्य. आणि टाय रॉडखाली पहार घालून तिसऱ्या माणसाने तो पिन निघायच्या दिशेला दाबून धरायचा, म्हणजे बोटवाल्या दादांनी सांगितलेला ताण आला.

तरीही नाहीच तर मग उष्णता, पण शहाण्याची. ब्लो टॉर्च, फक्त डोळ्याला, पिनला नाही. किती तापवायचं, तर घावनाचा तवा आठवा. तव्यावर पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चर्र होऊन नाचायला लागला की थांबायचं. लोखंडाचा रंग बदलायच्या आधीची ही गोष्ट आहे. एवढ्याने काय होतं विचाराल तर हिशोब करा, पंधरा मिलिमीटरचं भोक दीडशे अंशाने तापलं तर व्यास साधारण ०.०२७ मिलिमीटरने वाढतो. हसू येईल, पण दहाला एक टेपरमध्ये तेवढ्याने पिनला पाव मिलिमीटर सरकायला जागा होते, आणि टेपर पाव मिलिमीटर सरकला म्हणजे सुटलाच. फक्त झटपट तापवा, रेंगाळलात तर पिन पण तेवढीच तापून फुगते आणि मुद्दल गेलं.

त्याआधी बघा ब्रेकचा रबरी होज तिथेच लोंबत असतो, ओलं फडकं गुंडाळून बाजूला बांधा. पेट्रोलचा पाइप कुठे गळत नाही ना बघा. तुम्ही स्प्रेचा डबा ओतलाय तो सगळा पुसून काढा, तो पेटतो. आणि बॉल जॉइंटच्या टोपीसमोर तोंड नको, आत ग्रीस कोंडलेलं असतं, तापलं की टोपी फोडून बाहेर येतं.

मिरकरवाडा डिझेल (रत्नागिरी)

वरवंटा 😂😂 दादा आमच्या खलाशाने एकदा नांगर धरला होता ऐरण म्हणून, तो पण चालला होता, लोखंड होतं ना.

पुलर माझ्याकडे एक जास्तीचा आहे, रत्नागिरीला येणार असाल तर घेऊन जा, परत आणून दिलात म्हणजे झालं. कापलेल्या पिनच्या मध्यावर सेंटर पंचने एक खळगा पाडून घ्या नाहीतर पुलरचा स्क्रू घसरतो.

घाटातली जीप (चिपळूण)

एक विचारू का, नवीन टाकताना पिन नटाबरोबरच गरागरा फिरते त्याला काय करता? माझी तीच बोंब झाली होती, नट आवळताच येईना.

मिरकरवाडा डिझेल (रत्नागिरी)

जॉइंटखाली छोटा जॅक लाव आणि वर दाब, टेपर भोकात जाम झाला की पिन फिरायची थांबते, मग आवळ. काढताना फिरत असेल तरी तेच.

मांगरातली पद्मिनी (गुहागर)

सुटला!!!!

नीट सांगतो थांबा. काल चिरेखाणीवरून पाच किलोचा घण आणला, चुलतभाऊ मागे घण दाबून, बाबा पहारीवर. बाबा ७४ वर्षांचे आहेत, मी नको म्हणत होतो पण ते म्हणाले गाडी कोणाची आहे. चष्मा लावला. पाच फटके काही नाही, सहावा, सातवा, आणि आठव्याला तो आवाज. फिटर काका तुम्ही थप्प म्हणालात ना, अगदी तसाच, जसा भरलेला नारळ आणि खवट नारळ वाजवल्यावर फरक कळतो तसा. मला वाटलं हातोडाच फुटला. बाबा पहारीसकट एक फूट खाली गेले आणि रॉड जमिनीवर. पिन उचलून बघितली तर वरच्या निम्म्या भागावर पिवळट तपकिरी गंज, आणि खालचा निम्मा इतका चकचकीत की त्यात माझा चष्मा दिसत होता. चाळीस वर्षांत तिथे हवा पोचलीच नव्हती. स्प्रेचा डबा कुठपर्यंत गेला ते पण कळलं, पहिल्या दोन मिलिमीटरपर्यंत.

आतल्या दोघांसाठी रत्नागिरीला जाऊन पुलर आणला (दादा, चहाबद्दल आभार, आणि सुकट आईला पोचली, तिने माझ्याशी बोलायला सुरुवात केलीय). एक पुलर आणि दोन टोल्यांत सुटला. दुसऱ्याला तवा करावा लागला, थेंब नाचला, टोला दिला, गेला. आर्मचा रंग बदलला नाही, आपोआप थंड होऊ दिला.

आता बसवायचे आहेत. आर्मच्या भोकात आत गंजाचे डाग आहेत, ते पॉलिश पेपरने घासू का? आणि टेपरला ग्रीस लावू का, म्हणजे पुढच्या वेळी सुटेल सहज? चुलतभाऊ म्हणतो ड्रॉप आर्म पण काढून बघूया, असाच दोन हातोड्यांनी.

उद्यमनगरचा फिटर (कोल्हापूर)

अभिनंदन हो. बाबांना नमस्कार सांगा.

चुलतभावाला आधी थांबवा. ड्रॉप आर्मला हातोडा नाही. तो स्टीअरिंग बॉक्सच्या शाफ्टवर दातऱ्यांवर बसलेला असतो, तिथला मार थेट बॉक्सच्या आतल्या रोलरला आणि बेअरिंगला जातो. तो फक्त पुलरने काढतात, आणि काढायच्या आधी शाफ्ट आणि आर्मवर मिळून छिन्नीची एक खूण, नाहीतर परत बसवताना एक दात चुकला की हँडल वाकडं. पण तुमच्या ड्रॉप आर्मला काही तक्रार आहे का? नाही ना? मग हात लावू नका.

भोक घासायचं तर अगदी हलकं, बोटाला फडकं गुंडाळून. पॉलिश पेपरने खसाखसा घासलंत तर टेपर हातानेच बिघडवाल. नवीन पिन जुन्या भोकाला बसते का ते आधी तपासा, पार्ट पद्मिनीचा म्हणून दिला तरी. आम्ही शेंदूर तेलात कालवून पिनला पातळ लावायचो, भोकात घालून पाव फेरा फिरवायचा आणि काढून बघायचं, शेंदूर सगळीकडून सारखा पुसला गेला तर बैठक चांगली. एकाच कडेला पुसला तर टेपर वेगळा आहे, परत पाठवा, जबरदस्तीने आवळू नका. मार्करच्या उभ्या रेघा मारल्या तरी चालतं.

आणि टेपरला ग्रीस नाही. कोरडा, पेट्रोलने पुसून, स्वच्छ. ग्रीस लावलंत तर त्याच नटाने पिन जास्त आत ओढली जाते आणि धरायला पाहिजे ती पकड ग्रीसच्या थरावर उभी राहते. पुढच्या वेळी सुटण्यापेक्षा यावेळी न सुटणं महत्त्वाचं. नट आवळल्यावर बाहेर राहिलेल्या आट्यांना आणि बुटाच्या कडेला मात्र भरपूर ग्रीस फासा, तुमच्याकडची खारी हवा तिथूनच आत येते. स्प्लिट पिन नवीन. भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवायचं, मागे सैल करून कधीच नाही.

घाटातली जीप (चिपळूण)

इथे मात्र मी ऐकणार नाही काका, मी तांब्याचं ग्रीस लावतो टेपरला, अगदी बोटावर पुसून उरेल एवढंच. समुद्राकाठी कोरडा टेपर म्हणजे पुढच्याला शिव्या द्यायची सोय.

उद्यमनगरचा फिटर (कोल्हापूर)

तुमची जीप, तुमचं ग्रीस.

मालवणी मेकॅनिकल (मालवण)

जुने एंड रॉडातून फिरवून काढायच्या आधी दोन्ही बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजून भिंतीवर लिहून ठेव, कागदावर नको, कागद हरवतो. रॉडच्या एका टोकाला सरळ आटे असतात आणि दुसऱ्याला उलटे, त्यामुळे निघत नाही म्हणून जोर लावायच्या आधी कुठलं टोक आहे ते बघ. त्याच मापाला नवीन बसव, मग चिपळूणला जाऊन अलाइनमेंट कर, आणि तिथपर्यंत हळू जा.

आणि जुने एंड फेकू नको. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि ती रस्त्यावरून हटली, त्यानंतर हे पार्ट ठेवणारी दुकानं दर वर्षी कमीच होतायत. नमुना म्हणून तरी लागेल.

मांगरातली पद्मिनी (गुहागर)

झालं सगळं. शेंदूर देवघरातला घेतला, आईला विचारून घेतला यावेळी. चारही एंड बसले, बैठक तीन ठिकाणी एकसारखी आली, चौथा एका कडेला पुसत होता तो भावाला सांगून बदलून मागवला आणि मग बसवला, त्यात पाच दिवस गेले. टेपर कोरडेच ठेवले, जीपवाले दादा माफ करा. अलाइनमेंट काल करून आलो. गाडी चिपळूणहून येताना बाबांनी चालवली, साठला हँडलावर एक हात ठेवून माझ्याकडे बघत होते, काही बोलले नाहीत, मग म्हणाले वायपर बदल.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दोन फेऱ्या आहेत स्टेशनच्या.

मिरकरवाडा डिझेल (रत्नागिरी)

पुलर घाईने परत आणू नका, बोटी गेल्या आता. वरवंट्याचं काय झालं ते सांगा.

मांगरातली पद्मिनी (गुहागर)

टवका जोडून मिळत नाही. आईने आता पाट्यासकट नवीन मागितलाय, जुन्या पाट्यावर नवा वरवंटा बसत नाही म्हणते. आमच्या भागात टाकी लावणारा पाथरवट उरलेला नाही, दापोली ते राजापूरच्या मध्ये कोणाला माहीत असेल तर इथे नाहीतर मेसेजमध्ये सांगा. गणपतीच्या आत हवाय.